तिथीची पाऊणपट

मी वसईहून चिडून परत आले, हे आधीच सांगितलेलं बरं. किल्ला, चर्च, सुरूची बनं, केळीच्या बागा यांचं वर्णन वाचायला बसला असाल तर दुसरं काहीतरी उघडा. किल्ला मी गाडीच्या काचेतून पाहिला, तोही मांडीवर सिग्नल मोजायचं यंत्र घेऊन. आणि या लेखात दिवसांना तारखा नाहीत, तिथ्या आहेत. मी काही देवधर्म करणारी बाई नव्हे. सोलापूरला आईची एकादशी असली की मी मुद्दाम त्याच दिवशी कांदाभजी तळायचे. तरी तिथ्या का, ते पुढे कळेलच.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत मोबाइल नेटवर्कवर काम करते. गच्चीवर नि लोखंडी मनोऱ्यांवर जे अँटेना दिसतात, ते कुणी फोन करो ना करो, दिवसभर वीज खात असतात. रिकाम्या वर्गात पंखे फिरत राहावेत तसं. तेव्हा ज्या वेळी एखाद्या अँटेनावर वापर नसेल त्या वेळी त्याला झोपवायचं आणि शेजारच्या अँटेनांनी त्याचा भाग सांभाळायचा, असा आमचा प्रोग्राम आहे. वापर कधी नसतो हे तो मागच्या नोंदी बघून आपापलं शिकतो. तो मी लिहिला, चार वर्षं घातली त्यात. एका कंपनीने वसई-विरार पट्ट्यात तो गणपतीनंतर चालवून पाहिला. आकडे झकास आले. आता जागेवर जाऊन मोजणी करायची आणि अहवालावर मी सही करायची, एवढंच राहिलं होतं. सही झाली की तो राज्यभर लागणार होता.

"पाच दिवसांचं तर काम आहे. फिरून ये, मासे खाऊन ये," आमचे विभागप्रमुख म्हणाले. त्यांना मी सर म्हणते, इथेही सरच म्हणेन. नंतर ते मला फोनवर काय काय म्हणाले ते पुढे येईल.

दशमी, नायगाव

स्टेशनाबाहेर कंपनीचा गिरीश गाडी घेऊन उभा होता. हा फील्ड इंजिनियर, वय पस्तिशीचं, मूळ राजापूरचा, आता बोळिंजला स्वतःचा फ्लॅट. गाडीच्या मागच्या सीटवर चार फोन पट्ट्यांनी बांधलेले आणि ते सगळे एका यंत्राला जोडलेले. आमच्या धंद्यात मोजणी अशीच होते: गाडी रस्त्याने फिरवायची, फोन आपोआप कॉल लावत राहतात, आणि पडद्यावरच्या नकाशात जिथे सिग्नल चांगला तिथे हिरवे ठिपके पडत जातात. जगभर असंच करतात. मीही पंधरा वर्षं असंच करत आलेय आणि त्यात काही चुकतं असं मला कधी वाटलं नव्हतं.

नायगावला खाडीच्या बाजूने टॉवरच टॉवर उठलेत. दुपारी तिथे शुकशुकाट. माणसं कामाला मुंबईत, मुलं शाळेत. एका सोसायटीच्या गच्चीवर आमचा अँटेना होता म्हणून परवानगी घ्यायला ऑफिसात गेलो. सेक्रेटरी म्हणून जे गृहस्थ होते त्यांनी पाणीसुद्धा न विचारता सुरुवात केली.

"तो काढून टाका आधी. रेडिएशन आहे त्याचं. आमच्या ए विंगमध्ये सगळ्यांचं डोकं दुखतं."

"बरं, कळवते."

"आणि लिफ्टमध्ये रेंज येत नाही, त्याचं काय करताय? पार्किंगमध्ये पण नाही. मी तीन मेल केलेत!"

"काका, अँटेना काढायचा आणि रेंज वाढवायची, दोन्ही एकदम?"

"ते तुमचं काम. तुम्ही इंजिनियर ना?"

सोलापुरात एखाद्याने असं केलं असतं तर त्याला चहा पाजून, वर शेंगाचटणी देऊन, मग चारचौघांत फाडला असता. इथे चहाही नव्हता. माझं टाळकं सणकलं, पण गिरीश हसत होता. म्हणाला, "मॅडम, या लोकांमुळेच तर आपले आकडे छान येतात. दिवसभर कोण नसतंच घरी."

शेवटी टॉवर संपले, रस्ता मिठागरांच्या कडेने गेला आणि एका बांधापाशी थांबला. तिथे एकटा मनोरा होता. गिरीशने कौतुकाने बोट दाखवलं. "हा आपला स्टार परफॉर्मर. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच झोपतो. यूज जवळपास झीरो."

पडद्यावर रस्त्याच्या टोकापर्यंत हिरवे ठिपके होते. शेजारचा, टॉवरवरचा अँटेना तिथवर सांभाळून घेत होता. मी विचारलं, "बांधापलीकडे काय आहे?"

"काय असणार? खाडी. चिखल. तिकडे कोण असतंय मॅडम?"

गाडीत एसी होता, बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं. मी 'तपासले' या रकान्यात खूण केली आणि गाडी वळवायला सांगितलं. ही खूण माझ्या हातची आहे, गिरीशच्या नव्हे.

एकादशी, वसई

सकाळी वसईच्या बाजारातून गाडी न्यायची होती आणि ती तिथे अडकली. पुढे टेम्पो, मागे रिक्षा. मी उतरले. बाजार मात्र बघण्यासारखा, एवढं कबूल. वाडीवाल्या बायका सुकेळी घेऊन बसल्या होत्या. पानांत बांधलेली, चिकट, तपकिरी. केळं असं वाळवून गोड करतात हे मला माहीत नव्हतं, आमच्याकडे वाळवायचं म्हटलं की मिरच्या. एक खाल्लं आणि चार घेतली.

मासळीच्या बाजूला एक बाई शिंपल्यांतून सोललेली कालवं वाट्यावर विकत होती. पन्नाशीची, काटक, हाताच्या बोटांवर चिरांचं जाळं. तिचा साधा बटणांचा फोन पाटीशेजारी ठेवलेला. मी भाव विचारत होते तेवढ्यात तो एकदा वाजला आणि बंद झाला. थोड्या वेळाने दोनदा वाजून बंद. मग परत एकदा. तिने बघितलंसुद्धा नाही.

माझ्याने राहवेना. "अहो, उचला की."

"उचलायचा नसतो तो," ती म्हणाली. "तो आमचा हिरू, माझा दीर. एक रिंग म्हंजे होडी धुऊन झाली. दोन म्हंजे सून सांगते का भात झाला."

"मग बोलत का नाही?"

"बोलायला हात कुठं मोकळं असतात, बाय? त्याचे वल्ह्यावर, आमचे चिखलात. रिंग आयकली की झालं. सगला पाडा असाच हाय आमचा."

तिचं नाव मंदाताई. नायगावच्या खाडीकाठचा पाडा तिचा. पाड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण उद्या कोणी तिथे जाऊन त्यांनाच प्रश्न विचारेल. ओहोटीला पाड्यातल्या पाच-सहा जणी खाडीत उघड्या पडणाऱ्या खडपांवर, म्हणजे खडकांवर, कालवं काढायला जातात. हिरू एकेकीला एकेका खडपावर सोडतो. पाटी भरली की तिने त्याला एक रिंग द्यायची. ज्या क्रमाने रिंगा येतील त्या क्रमाने तो होडी फिरवतो.

मी हसतमुखाने ऐकत होते आणि मनात आमचाच हिशोब तपासत होते. कारण वाजून बंद झालेला, कोणी न उचललेला कॉल आमच्या हिशोबात 'वापर' नसतोच. बोलणं झालं तर वापर, इंटरनेट चाललं तर वापर. न उचललेले कॉल मोजले तर जाहिरातवाल्यांच्या कॉलनी आकडे बिघडतात, म्हणून ते गाळायचे. हे कोणी ठरवलं? मीच ठरवलं. तीन वर्षांपूर्वी, पुण्यात, कॉफी पीत.

"आनि आता तोबी लागत नाय," मंदाताई म्हणाली. "खाडीत त्या एकाच कंपनीची रेंज येते. ती पन हल्ली दुपारची मरते."

"कधीपासून?"

"गनपती गेले तवापासनं."

गिरीश मागे उभा राहून ऐकत होता. तो एकदम गाडीकडे गेला.

द्वादशी, खाडीकाठ

मंदाताईने दुपारी जेवायला बोलावलं होतं. बोलावलं म्हणजे हुकूम केला होता, "कालवं नुस्ती बघून जाता काय?" गाडी बांधापाशी ठेवून आम्ही चालत गेलो. बांधाखाली तिवरांतून वाट, वाटेच्या टोकाला पंचवीसेक घरं. परवा मी जिथे खूण करून गाडी वळवली तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर. लाज वाटली म्हणणं पुरेसं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

जेवायला तांदळाची भाकरी आणि कालवांचं तिखट. आमची ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते आणि दातांची परीक्षा बघते. ही हातात घेतली तर मऊसूत, पांढरीशुभ्र, एखाद्या रुमालासारखी घडी होणारी. कालवं पहिल्या घासाला घशातून नुसतीच घसरली. दुसऱ्या घासाला चव कळली. चौथ्याला मी परत वाढून घेतली आणि मंदाताईची सून तोंडाला पदर लावून हसली.

जेवण झाल्यावर मी विचारलं, "दुपारची रेंज जाते, मग तुम्ही काय करता?"

मंदाताई सुपारी कातरत होती. ती सहज सांगावं तसं सांगू लागली. पंधरा दिवसांपूर्वी, अशीच द्वादशी. पाच जणी पाच खडपांवर. पाटी भरली, पाणी फिरलं, तिने हिरूला रिंग दिली. गेली नाही. परत दिली. गेली नाही. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. पाटी सोडून दिली. कालवं काढायचं लोखंडी पातं, जे तिच्या सासूचं होतं, तेही सोडून दिलं. फोन तेवढा डोक्यावर धरून लावत राहिली.

"किती वेळा?"

"अकरा वेळा. फोनमदे दिसतं ना. पानी इथवर आलं." तिने गळ्याला हात लावला. "मंग हिरू आला. बाकीच्या चौघी घेऊन झाल्यावर शेवटी."

"शेवटी का?"

"त्याला काय ठावं, कोनाकडं पानी जास्त? रिंग नाय तर तो लाईनीनं घेत आला. माझं खडप लाईनीत शेवटचं."

मला संताप आवरेना, आणि तो निघाला तिच्यावरच. "मग तक्रार का नाही केली तुम्ही? आमच्या कागदावर तक्रारी शून्य आहेत, शून्य!"

"केली ना! दुपारचा फोनच लागत नाय, तर कशी करू? संध्याकाळी केली. हे दाबा, ते दाबा. मंग एक पोरगी बोलली, तुमचं नेटवर्क बरोबर हाय मॅडम, आता तुमी बोलताय ना?"

मी अंगणात जाऊन सरांना फोन लावला. दुपारची वेळ, अँटेना झोपलेला, फोन कसा लागणार? बांधावर चढून, रस्त्यावर येऊन लावला तेव्हा लागला. सगळं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "हरकत नाही. या लोकांची वेळ काय? दुपारी दोन ते चार? त्या दोन तासांत अँटेना जागा ठेवू. सुटला प्रश्न."

मी खूश होऊन परत आले आणि तसं मंदाताईला सांगितलं. ती हसली, हिरूला हाक मारून तिने त्यालाही सांगितलं आणि मग दोघंही हसले. हिरूभाऊ चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "बाय, पानी काय हापिसात जातं? ते रोज पुढं सरकतं."

मग त्याने मला शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. आज द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊला पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी, तीनला, ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. घड्याळाच्या वेळा रोज बदलतात, तिथीच्या बदलत नाहीत. माझा प्रोग्राम घड्याळावर शिकला होता. रोज वेगळ्या वेळी येणाऱ्या रिंगा त्याने मोजल्या असत्या, तरी त्या सगळीकडे थोड्या थोड्या पसरून दिसेनाशा झाल्या असत्या. पाड्यावरच्या चौथी शिकलेल्या माणसाने तोंडी केलेला हिशोब मला चार वर्षांत सुचला नव्हता. कारण मी विचारलंच नव्हतं कोणाला.

त्रयोदशी, खाडी

मी ठरवलं, मोजणी करायची तर खडपावर जाऊन करायची. गिरीश नको नको म्हणत होता. "मॅडम, सेफ्टीचं काय? कंपनी ओरडेल."

"ओरडू दे. त्या बाईच्या सेफ्टीचं कंपनीने काय केलं?"

तो बांधावर थांबला, मी होडीत बसले. हिरूभाऊला मी बजावलं, "खरी परीक्षा करायचीय. मंदाताईंची रिंग आल्याशिवाय यायचं नाही." किती शहाणी मी! त्याने मान हलवली, ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते मी बघितलं नाही.

दोनच्या पुढे आम्ही उतरलो. पहिल्याच पावलाला चिखल पोटरीपर्यंत, तिसऱ्याला डाव्या पायातला बूट गेला. गेला तो गेलाच. मंदाताई म्हणाली, "दुसरा पन द्या त्याला, एकटा काय करील?" निवट्या, म्हणजे चिखलातले बोटभर मासे, टुणटुण उड्या मारत होत्या. दूर नायगावचे टॉवर दिसत होते आणि त्यांच्यावरचे अँटेना सगळे रिकाम्या खोल्यांकडे तोंड करून उभे होते. माझ्या यंत्रावरची रेघ तळाला चिकटलेली. दर दहा मिनिटांनी मी लिहीत होते: नाही, नाही, नाही.

पाटी चारला भरली. मंदाताईने हिरूला रिंग दिली. गेली नाही. परत दिली.

आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि आम्ही बादल्या मांडून त्याची वाट बघतो. पाणी येतंय म्हणून पळायचं असतं, हे माझ्या हाडांना माहीत नव्हतं. माझी समजूत होती की ते समोरून, लाटेसारखं येईल. ते मागून आलं. आम्ही आणि काठ यांच्यामधली जी चिखलाची वाट होती ती आधी भरली, गुपचूप. मी वळून बघितलं तेव्हा काठ पलीकडे होता आणि मध्ये खाडी.

"मंदाताई, परत लावा."

"लावते ना. सात वेळा झाला."

"आता?"

"आता काय, तुमी लिवा. त्यासाठीच आलाय ना?"

पाणी गुडघ्याच्या वर आलं. यंत्राची पिशवी मी डोक्यावर घेतली. मला पोहता येत नाही, हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. मंदाताईने माझा दंड धरला. तिची बोटं खरखरीत होती, पकड अशी की निळं पडलं. ती म्हणाली, "रडू नका. पाय रोवून उभ्या ऱ्हावा." मी रडत होते हे मला तिने सांगितल्यावर कळलं. भीती होतीच, पण त्याहून जास्त राग होता. ही पंधरा दिवसांपूर्वी इथेच एकटी उभी होती, गळ्याइतक्या पाण्यात, आणि तिला तसं उभं करणारी ओळ मी लिहिली होती.

पाणी मांड्यांना लागलं तेव्हा तिवरांआडून होडी आली. रिंग गेलीच नव्हती. मला वर ओढून घेत हिरूभाऊ चिडून बोलला, आणि तो बोलला तेवढं बरोबर बोलला. "तुमच्या टेस्टीसाठी दोन बायका बुडवू काय मी? आज एकच खडप होतं म्हनून आलो. पाच असते तर?"

चतुर्दशी, बोळिंज

कपडे धुवायला आणि नोंदी बघायला गिरीशच्या घरी गेले. त्याच्या आईने घावणे केले होते, नारळाचं दूध गूळ घालून. मी एकामागून एक पाच खाल्ले. मग लॅपटॉप उघडून मागच्या द्वादशीचं पान काढलं, ज्या दिवशी मंदाताई अकरा वेळा फोन लावत होती. त्या मनोऱ्याची दुपारची ओळ अशी होती: वापर शून्य. तक्रार शून्य. पुढे वाचलेल्या विजेचा आकडा, हिरव्या रंगात.

गाळलेले न उचललेले कॉलही मी मूळ नोंदीत शोधले. तिथेही काही नव्हतं. असणार कसं? झोपलेल्या अँटेनाला हाक ऐकूच येत नाही, तर तो लिहील काय? तिच्या अकरा कॉलची नोंद जगात एकाच ठिकाणी होती, तिच्या त्या बटणांच्या फोनमध्ये.

सरांना परत फोन लावला. या वेळी स्पीकरवर, गिरीशसमोर.

"तू भावनेच्या भरात आहेस," सर म्हणाले. "हा अपवाद आहे. अपवाद म्हणून तळटीप दे आणि सही कर. एका पाड्यासाठी राज्याची वीज अडवणार का?"

"सर, रिकाम्या खोल्यांना पूर्ण रेंज आहे. माणूस जिथे उभा आहे तिथे नाही. याला कार्यक्षमता म्हणायचं?"

"अगं, पण वापरच नाही तर..."

"वापर आहे! आपण मोजला नाही! आणि असे पाडे किती आहेत तेही आपण मोजलं नाही, कारण आपली गाडी चिखलात जात नाही!" मी इतकी ओरडले की गिरीशची आई आतून पळीसकट बाहेर आली.

सर म्हणाले, "तुला एवढंच वाटत असेल तर तो एक अँटेना तू सांभाळ. तुझ्या तिथीबिथीने. पण सही महिनाअखेर हवी."

गिरीशने निघताना नकाशा परत उघडला. बांधापलीकडचा भाग त्याने लाल केला आणि खाली स्वतःचं नाव टाकलं. "माझी नोकरी गेली तर तुमच्याकडे चिकटवा," म्हणाला. त्याच्यावरचा माझा राग तेवढा उतरला.

पुणे

आता मी रोज सकाळी चहाच्या आधी दिनदर्शिका बघते. तिथीची पाऊणपट करते, सहा तास मिळवते आणि त्या मनोऱ्याला त्या वेळात जागा राहायला सांगते. आई फोनवर तिथी विचारते तर मी न बघता सांगते, ती गहिवरते, तिला वाटतं पोरगी मार्गाला लागली. मंदाताईशी ठरलंय की खाडीतून काठाला लागली की तिने मला एक रिंग द्यायची. मी उचलायची नाही. पहिल्या दिवशी सवयीने उचलली, तर ती ओरडली, "अवं बाय, उचलता कशाला!"

काल तृतीया होती. ओहोटी सव्वाआठची, म्हणजे बायका साडेदहापर्यंत परत. साडेदहा झाले, रिंग नाही. अकरा झाले. मी नोंद उघडली. अँटेना जागा होता. वापर: शून्य. मी त्या शून्याकडे बघत बसले आणि त्यातून मला काही म्हणजे काही कळेना. साडेअकराला नियम मोडून मीच फोन लावला, ती उचलेना. गिरीशला फोन करून झापला, त्याचा काहीही दोष नसताना, आणि त्याला पाड्यावर धाडला.

बाराला मंदाताईचा फोन आला. रिंग नव्हे, अख्खा फोन. मागे बँजो आणि ताशा.

"काय झालं बाय? गिरीश धावत आलाय इथं. आमी हळदीला हाव, पुतनीच्या. आज कोनच नाय गेलं खाडीत."

"अहो, मग सांगायचं ना! माझा जीव गेला इथे!"

"मशीनमदे बघायचं ना."

"मशीनमध्ये शून्य दिसत होतं, मंदाताई."

"मंग?" ती म्हणाली. "मी बुडत होते तवाबी शून्यच होतं ना?"

ती हळदीला परत गेली.

तिचं ते वाक्य मी अहवालाच्या पहिल्या पानावर घातलंय, तिच्याच शब्दांत. सरांनी ते काढायला सांगितलंय, शास्त्रीय वाटत नाही म्हणे. महिनाअखेर चार दिवसांवर आली आहे. माझी सही त्या वाक्याखाली होईल, नाहीतर होणार नाही, आणि सहीशिवाय प्रोग्राम पुढे नेला तर प्रत्येक खाडीतल्या प्रत्येक पाड्यावर जाऊन मी सांगेन की ही ओळ कोणी लिहिली.

आज चतुर्थी. ओहोटी नऊची. अकराला पाच कमी असताना फोन एकदा वाजला आणि बंद झाला. मी उचलला नाही.